चाकाचा आवाज येतोय

आमच्या सायकलवाल्यांच्या कंपूत सगळ्यात जोरात सायकल चालवू शकणारा माणूस दर शनिवारी सगळ्यात शेवटी पोचायचा. नव्या माणसाला हे सांगून पटायचं नाही. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या स्टेशनाजवळून आम्ही सकाळी आठ-दहा जण निघायचो. तिशीतली आयटीवाली पोरं भुर्रकन पुढे जायची, मध्ये मुलाबाळांची मंडळी, त्यात आमचे हेही, मग बऱ्याच अंतराने गुडघे गेल्यामुळे बॅटरीची सायकल घेतलेली मी, आणि माझ्या मागे ते. पोरांनी त्यांचं नाव शेपूटकाका ठेवलं. मी त्यांच्या बरोबरीची, तरी मीही काकाच म्हणायला लागले. त्यांना ते नाव इतकं आवडलं की फोन केला तरी म्हणायचे, "वहिनी, शेपूट बोलतंय."

त्यांच्या पायांत काय जोर होता हे मी एकदाच पाहिलं. नागपूरचा अमेय, आमच्यातला सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात विसरभोळा, घराची किल्ली स्टेशनवरच्या बाकावर विसरून आला. बरंच पुढे आल्यावर त्याला आठवलं. काका म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे," आणि मागे फिरले. काही वेळाने माझ्या बाजूने सूं करून काहीतरी गेलं. काका होते. पुढच्या पोरांना गाठून, किल्ली देऊन परत माझ्या मागे येऊन लागले, आणि मगाशी जिथे थांबला होता तिथूनच मेथीच्या लाडवांचा विषय पुढे सुरू केला. धाप नाही, काही नाही. अमेय नंतर म्हणाला, "काका, यार, तुम्ही आम्हाला खोटं खोटं जिंकू देता." काका म्हणाले, "पुढच्याला रस्ता दिसतो, मागच्याला माणसं दिसतात. मला या वयात रस्त्यात काय एवढं बघायचंय?"

पण त्यांची खरी खुबी वेगळीच होती. चढावर कोणाला धाप लागली की आपण काय विचारतो? दमलात का, थांबायचं का. आणि समोरचा काय म्हणतो? छे छे, मी ठीक आहे. मग तो ठीक असल्याचं दाखवत आणखी दमतो. काका तसं कधी विचारायचे नाहीत. मागून शांतपणे म्हणायचे, "थांबा जरा. तुमच्या चाकाचा आवाज येतोय." माणूस उतरायचा. काका वाकून चाक फिरवून बघायचे, चेनला हात लावायचे, पिशवीतून पाना काढून कुठेतरी उगाच टेकवायचे. तेवढ्यात माणसाचा श्वास जागेवर यायचा. त्याच्या हातावर एक लिमलेटची गोळी पडायची, आयसेलिनच्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातली. "झालं, आता नाही येणार आवाज," म्हणत काका पाना आत टाकायचे. माझ्या चाकाचा आवाज त्यांना किती वेळा आला असेल, मोजदाद नाही. मला तो एकदाही ऐकू आला नाही, आणि हे आम्ही एकमेकांना कधी सांगितलंही नाही.

स्वतःच्या बाबतीत "दमलो" हा शब्द त्यांच्या तोंडून कधी गेला नाही. इथे तर सगळ्यांचं तेच तुणतुणं असतं. कसं काय म्हटलं की टायर्ड, बिझी, एक्झॉस्टेड. काकांना कसं काय विचारलं की म्हणायचे, "चाललंय, चाक फिरतंय." ज्या माणसाला थकायचा सगळ्यात जास्त हक्क होता त्याने हे म्हणायचं, म्हणून मला ते जास्त लागायचं.

कारण घरी नलूताई होत्या. काकांच्या पत्नी, माझी या देशातली सगळ्यात जुनी मैत्रीण. एकेकाळी नलूताई बोलायला लागल्या की फोन कानाला चिकटायचा. गणपतीत शंभर माणसांचा स्वयंपाक एकटीने अंगावर घ्यायच्या. मग त्या विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग आमटीतलं मीठ, मग आमटीच. पुढे पुढे घराचं दार उघडून भर थंडीत रस्त्यावर जायला लागल्या. काकांनी दाराला वर, हात पोचणार नाही अशी कडी लावली. त्यांना न्हाऊ घालणं, भरवणं, रात्री उठून परत झोपवणं, सगळं ते एकटे करायचे. वेणीसुद्धा घालायचे, अशी घट्ट की बघत राहावं. मी एकदा कौतुक केलं तर म्हणाले, "आयुष्यभर सायकलीच्या केबली ओवल्या. तीन पेडांचं काय घेऊन बसलात?" शनिवारी सकाळी एक बाई यायची तेवढ्या वेळात ते आमच्याबरोबर यायचे, आणि घड्याळाकडे बघत परतायचे. आठवड्यातला त्यांचा मोकळा वेळ तेवढाच, आणि तोही ते माझ्यासारखीच्या मागे रखडत घालवायचे.

फ्रान्सचं खूळ अमेयचं. बर्गंडी म्हणून भाग आहे, नुसते द्राक्षांचे मळे, त्यातून सायकलवर आठवडाभर हिंडायचं, सामान गाडीतून पुढे जातं, सायकली तिथेच भाड्याने. आम्ही दोघं हो म्हणालो. काकांनी मान हलवली, म्हणजे नाही. मग त्यांची मुलगी गौरी मध्ये पडली. ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉथेलला असते, औषधांच्या कंपनीत. ती म्हणाली, "बाबा, मी सुट्टी टाकून येते, आईला मी बघते. तुम्ही जा." यामागे तिचा हेतू होता आणि तो तिने लपवलाही नाही. बॉथेलला तिच्या घराजवळ अशा विसरणाऱ्या माणसांना सांभाळणारं एक ठिकाण होतं. तिला आईला तिथे न्यायचं होतं. काका वर्षभर नाही म्हणत होते. "तुम्ही एक आठवडा लांब राहून विचार करा," गौरी म्हणाली, "आणि परत याल तेव्हा मला हो किंवा नाही सांगा. नाही म्हणालात तर परत विषय काढणार नाही."

तर असे काका विमानात बसले. मांडीवर एक कापडी पिशवी, त्यात सायकलची सीट. त्यांच्या घरच्या सायकलची, काढून आणलेली, चामड्याची, जुनी. तपासणीला उभ्या असलेल्या माणसाने ती उलटीसुलटी करून पाहिली. आमचे हे म्हणाले, "अहो, सीट कशाला, सायकलीला असते ना तिथे." काका म्हणाले, "चाकं परक्याची चालतात. बसायची जागा आपली लागते."

माझं माहेर दिंडोरीकडचं, द्राक्षं मी जन्मापासून बघितलेली. पण आमच्याकडे मांडव असतो. वेल डोक्यावर, घड लोंबतायत, आपण खालून सावलीतून चालायचं. बर्गंडीत वेल माझ्या कमरेएवढेसुद्धा नाहीत. शाळेतल्या मुलांसारखे ओळीत उभे, टेकडीवर टेकडी, आणि ओळीच्या टोकाला गुलाबाचं एखादं झाड. त्यांचे ट्रॅक्टरही उंच पायांचे, वेलांची ओळ दोन्ही पायांमध्ये घेऊन चालणारे. रस्ते अरुंद, पांढरट, दोन्ही बाजूंना दगडी गडगे. दुपारी गावात कुत्रंसुद्धा दिसत नाही, दुकानं बंद, पाणी मिळायची मारामार. लांबून सगळं चित्रासारखं, पण सायकलवर बसलं की कळतं, सपाट म्हणून काही नसतंच. एक चढ संपला की पुढच्या गावाचं चर्च दिसतं आणि ते कायम वरच असतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळेच मुकाट झालो. पाय दुखायचे, पाठ दुखायची, जेवताना डोळे मिटायचे.

काका तिथेही शेपूट. दिवसभर माझ्या मागे. आणि मला जाणवायला लागलं की मेथीचे लाडू, पोरांची लग्नं, काहीच विषय निघत नाही. नुसता त्यांच्या चाकाचा बारीक आवाज माझ्या मागे यायचा.

चौथ्या दिवशी सकाळी आम्हाला एका म्हाताऱ्या बाईच्या तळघरात न्यायचं होतं. तिच्या घरची वाइन तिथे पिंपांत मुरत ठेवलेली. पायऱ्या उतरून दाराशी आलो तर आत थंडगार, काळोख, ओल्या दगडाचा वास, कोनाड्यात मेणबत्त्या लावलेल्या. कोणी काही सांगितलं नव्हतं. मागे वळून पाहिलं तर आमच्यातल्या प्रत्येकाने बूट काढून दाराबाहेर ओळीत लावले होते. मीही काढले होते, कधी काढले तेही आठवत नाही. सगळे त्या ओल्या फरशीवर मोज्यांनी उभे. बाईने त्या बुटांच्या ओळीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आमच्या वाटाड्या पोरीला काहीतरी विचारलं. पोरगी म्हणाली, "त्या विचारतायत, फरशी खराब होईल म्हणून काढले का?"  काका म्हणाले, "सांग त्यांना, आमच्याकडे असा गारवा जिथे असतो तिथे देव असतो." बाईला किती कळलं कोण जाणे. पण तिने काकांच्या दंडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मग वाइन चाखायची. मी एक थेंब जिभेला लावला, आंबट. तिथली पद्धत अशी की घोट तोंडात फिरवायचा आणि शेजारच्या बादलीत थुंकायचा. आमच्या मंडळींना ते बघूनच शिरशिरी आली. एक तर सगळ्यांचं उष्टं एका बादलीत. दुसरं म्हणजे कोणी प्रेमाने दिलेलं थुंकून टाकायचं? आमच्या ह्यांचं बालपण पानात काही टाकायचं नाही या शिस्तीत गेलेलं. बाई ओतत गेली, हे गिळत गेले. मी डोळे वटारले तर म्हणाले, "अगं, तिने स्वतःच्या हाताने बनवलीय. बरं दिसतं का?" बाहेर उन्हात आलो आणि त्यांच्या पायांनी असहकार पुकारला. गावाबाहेर एका अक्रोडाच्या झाडाखाली त्यांना आडवं केलं. वाटाडी पोरगी म्हणाली की सामानाची गाडी मागे बोलावते. बाकीचे पुढे निघाले. अमेय जाता जाता म्हणाला, "काकू, आज शेपूट फारच लांबलं." मी म्हटलं, "तू हो पुढे, तुझी किल्ली सांभाळ."

हे घोरायला लागले. मी एका बाजूला, काका दुसऱ्या बाजूला, मध्ये हे. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. फ्रान्समध्ये दुपार, म्हणजे न्यू जर्सीत सकाळ. काकांना कमी ऐकू येतं, त्यांनी स्पीकर लावला. गौरीचा आवाज बसलेला होता.

"बाबा, रात्री चार वेळा उठली. आत्ता शांत आहे, दूध-पोळी खातेय. बाबा, तुम्ही हे रोज करता? मी चार दिवसांत संपले."

"होतं सवयीने," काका म्हणाले.

"त्या ठिकाणाहून फोन आला होता. एक रूम मोकळी झालीय, उद्यापर्यंत होल्ड करतील. मी प्रेशर नाही टाकत आहे, पण उद्या मला सांगावं लागेल."

काका मग म्हणाले, "तिला दे."

थोडा वेळ खुडखुड झाली. मग नलूताईंचा आवाज आला, तोच जुना, ठसक्यातला. "कोण बोलतंय?"

"मी बोलतोय."

"मी कोण?"

"मी गं. जेवलीस का?"

"हे घरी नाहीयेत. सायकलवर गेलेत. नंतर फोन करा." आणि फोन बंद झाला.

मी समोरच्या वेलांकडे बघत राहिले. काकांनी फोन खिशात ठेवला, ह्यांच्या तोंडावर ऊन येत होतं म्हणून स्वतःची टोपी त्यांच्या तोंडावर ठेवली आणि म्हणाले, "निदान कुठे गेलोय ते बरोबर सांगितलं."

गाडी आली, ह्यांना उचलून आत घातलं. मलाही बसा म्हणाले. पण काका सायकलीवर चढले होते आणि मला त्यांना एकटं सोडवेना. पुढे लगेच चढ होता, वळणावळणाचा, सावली नाही. मी बॅटरी चालू केली आणि निघाले. एका वळणावर मला वाटलं, काहीतरी चुकतंय. कान दिला तेव्हा कळलं. मागून आवाज येत नव्हता. वळून पाहिलं तर काका खूप खाली, एखाद्या दमलेल्या बैलासारखे मान खाली घालून, इकडून तिकडे नागमोडी येत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मागे राहिले होते, खरेखुरे.

मी उतरून थांबले. ते जवळ आले. तोंड लाल, श्वास फाटलेला, तरी मला बघून म्हणाले, "तुम्ही का थांबलात? चला, चाललंय माझं."

मी म्हटलं, "काका, उतरा जरा. तुमच्या चाकाचा आवाज येतोय."

ते खरंच उतरले. वाकले, मागचं चाक उचलून हाताने फिरवलं. चाक निमूट फिरलं. त्यांनी ते पूर्ण थांबेपर्यंत पाहिलं. मग वर बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. सायकल गडग्याला टेकवली, स्वतः त्यावर बसले आणि म्हणाले, "दमलो हो वहिनी."

मी माझ्याकडची लिमलेटची गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांचीच, दोन दिवसांपूर्वी दिलेली. त्यांनी ती तोंडात टाकली. समोर लांबवर कोणीतरी बाई ओळीतून वाकून जादा पानं खुडत होती. आम्ही तिची ओळ संपेपर्यंत बघत बसलो.

मग ते म्हणाले, "आयुष्यात एकच गोष्ट धड केली मी. कोणाला मागे सोडून गेलो नाही. आणि आता नलूला सोडू म्हणतेय पोरगी. लोकांच्या हातात. तिला कळणारही नाही, मी सोडलं म्हणून. म्हणून तर जास्त."

मी काही शहाणी बाई नाही, पण या माणसाच्या पुढे इतके शनिवार सायकल चालवली होती. मी म्हटलं, "काका, चढावर मी थांबायची तेव्हा तुम्ही मला सायकलीसकट खांद्यावर घेतलंत का कधी?"

"म्हणजे?"

"नाही ना घेतलंत? चाक बघितलंत, गोळी दिलीत, मागून चालत राहिलात. मला तेवढंच पुरलं. नलूताईंना मात्र तुम्ही खांद्यावर घेऊन चढताय. असे दोघंही पोचणार नाही."

त्यांनी गोळी संपवली, तिचा कागद चौकोनी घडी करून खिशात ठेवला. मग आम्ही सायकली हाताने ढकलत तो चढ चढलो, शेजारी शेजारी, कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. वर सगळे वाट बघत बसले होते. अमेय ओरडला, "शेपूट आलं रे." जवळ आल्यावर त्याने काकांचं तोंड पाहिलं. त्यांच्या हातातून सायकल घेतली आणि मुक्कामाच्या घरापर्यंत दोन्ही सायकली ढकलत नेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गौरीला फोन केला तेव्हा मी शेजारीच पाव कापत होते. म्हणाले, "रूम घे. पण एक कर, तिथून चालत जाता येईल अशी माझ्यासाठी एक खोली बघ. तुझ्या घरात नको. तिच्या जवळ."  मग काका म्हणाले, "रडू नकोस. आईला ऐकू जाईल."

मग सगळं भराभर झालं. घर विकलं. दाराची ती वरची कडी काढायला मीच स्टूल धरलं होतं. भांडी वाटली, पुस्तकं वाटली. शेवटच्या शनिवारी आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं की आज काकांना पुढे ठेवायचं. ते काही ऐकेनात. माझ्या मागेच आले. स्टेशनशी आल्यावर सगळ्यांच्या चाकांवरून एकदा हात फिरवला, एकेकाला गोळी दिली. नलूताई गाडीत बसल्या होत्या, घट्ट वेणी घातलेल्या. मी खिडकीतून त्यांचा हात हातात घेतला तर म्हणाल्या, "तुम्ही कोण? जेवून जा." मी म्हटलं, "येते पुन्हा, तेव्हा जेवते."

आता मागे कोणी नाही. म्हणजे मीच शेवट. चढावर थांबावंसं वाटलं की मलाच माझ्या चाकाचा आवाज ऐकावा लागतो. गुडघे आणखी कुरकुरतात, पोरं आणखी लांब जातात. अमेय अधूनमधून मागे फिरून येतो, माझ्याबरोबर थोडा चालवतो, कंटाळतो, परत पुढे जातो. शिकेल हळूहळू.

शनिवारी दुपारी, म्हणजे तिकडे सकाळी, काकांचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला. "शेवटी कोण आलं?" मी म्हणते, "मी." ते म्हणतात, "मग सगळे आले." त्यानंतर मेथीचे लाडू, बॉथेलचा न संपणारा पाऊस, गौरीचं काम. रोज सकाळी नलूताईंकडे जातात, वेणी घालतात, संध्याकाळी परत येतात. रात्री झोपतात. तेवढं एक सुधारलं.

गेल्या शनिवारी मी विचारलं, "नलूताई ओळखतात का कधी?"

"ओळखत नाही," ते म्हणाले. "मी कोणीतरी येणारा-जाणारा आहे, एवढं कळतं तिला. परवा मी चालत गेलो, पावसात जरा भिजलो होतो. तिच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, दमलात का हो?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हटलं," काका म्हणाले. "मग ती पलंगावर सरकली आणि तिने मला बसायला जागा करून दिली."